मिठाच्या खड्यात जोड्या नसतात : विज्ञान पाठ्यपुस्तक समितीला खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य, विज्ञान विषय समिती,
पाठ्यपुस्तक मंडळ, पुणे.

विषय : आठवीचा रासायनिक बंधाचा पाठ आणि मोबाइलमधले अणू

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

माणदेशातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी 21 वर्षं विज्ञान शिकवते आहे. आठवीच्या पुस्तकात ‘रासायनिक बदल व रासायनिक बंध’ हा पाठ तेरावा. म्हणजे आमच्याकडे तो दिवाळीची सुट्टी आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी यांच्या मधल्या चिमटीत सापडतो. अर्धा वर्ग नाचाला गेलेला, उरलेल्या अर्ध्याला आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन होणारा) आणि सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारा) बंध. असो.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत. माध्यमिकचं विज्ञान तुमच्या टेबलावर येईल तेव्हा कुणीतरी नक्की म्हणेल की या पाठात ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर), म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून समोरच्या टेबलावर उभं राहिलेलं दिसणारं चित्र, घालू या. याला मराठीत संवर्धित वास्तव म्हणतात, हे मला एका प्रशिक्षणात कळलं. शेजारचे सर कानाशी येऊन म्हणाले, “का, आहे ते पुरेना झालं का?” मी हसले, पण नंतर हे प्रकरण मी वर्गात तीन वर्षं वापरलं. वापरलं म्हणूनच लिहिते आहे. माझा विरोध नाही. पण घाई करण्याआधी एक गोष्ट तुम्ही ऐकावी असं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस शाळेत आला. त्याच्याकडे पत्त्यांच्या कॅटासारखा कार्डांचा गठ्ठा होता, प्रत्येक कार्डावर एका मूलद्रव्याची संज्ञा. फोनचा कॅमेरा कार्डावर धरला की पडद्यावर त्या कार्डातून अणू वर उठतो आणि भोवती इलेक्ट्रॉन गरगरायला लागतात. सोडिअमचं कार्ड क्लोरीनच्या कार्डाजवळ सरकवलं की एक पिवळा ठिपका टुणकन उडी मारून पलीकडे जातो, घंटी वाजते, आणि दोन गोळे एकमेकांना चिकटतात. झालं मीठ. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून संच आला.

दुसऱ्या दिवशी मी एकच काम दिलं. चिमूटभर मीठ इतकं मोठं करून पाहिलं की अणू दिसू लागले, तर काय दिसेल ते वहीत काढा. 46 मुलांपैकी 41 जणांनी जोड्या काढल्या. एक सोडिअम, एक क्लोरीन, मध्ये जागा. पुन्हा एक सोडिअम, एक क्लोरीन. पंगतीत नवरा-बायको बसवावेत तशा. आता खरं सांगायचं तर नुसत्या फळ्यावर शिकवायची तेव्हाही जोड्याच निघायच्या. फरक दुसरीकडे होता. फळ्यावरून शिकलेली पोरं विचारलं की चाचपडायची, खोडायची, शेजाऱ्याच्या वहीत बघायची. या वेळी एकानंही खोडलं नाही. “बाई, काल बघितलं की आम्ही,” असं सरळ उत्तर आलं.

फळ्यावरची आकृती ही आकृती आहे हे पोरांना ठाऊक असतं. बाईंचं वर्तुळ कधी वाकडं येतं, कधी इलेक्ट्रॉन एक जास्त पडतो. पण टेबलावर उभं राहिलेलं, सावली पडणारं, भोवती फिरून बघता येणारं चित्र हे चित्र वाटतच नाही. ते पाहिलेलं वाटतं. चूक सपाट असते तेव्हा पुसता येते. तीच चूक त्रिमितीत उभी राहिली की साक्षीदार होते.

आणि चूक लहान नाही. मिठात जोड्या नसतात. एका सोडिअम आयनाला (इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित झालेल्या अणूला) सहा क्लोराइड (इलेक्ट्रॉन घेतलेले क्लोरीन) वेढून असतात आणि एका क्लोराइडला सहा सोडिअम. यातला कोण कुणाचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. स्फटिकाची ही मांडणी ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी 1913 मध्येच उलगडली. शंभर वर्षं उलटून गेली आणि आम्ही शाळांमधून अजून एक बाण काढून दोन गोळ्यांचं लग्न लावतो आहोत.

त्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं घरून कागदाच्या पुडीत खडेमीठ आणलं. वडील बैलांसाठी आणतात, त्यातलं. पुडी माझ्या टेबलावर ठेवून विचारतो, “बाई, ह्यो खडा फोडला तर जोड्या मोडत्यात का अख्ख्या सुट्ट्या हुत्यात?” 21 वर्षांत या पाठावर मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. ॲपकडे त्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही पटकन नव्हतं. मी खडा वजनाच्या मापानं हलकेच फोडला. भिंगातून तुकडे बघितले तर त्यांच्याही कडा सरळ, कोपरे काटकोनी. बारीक केलेल्या मिठाचा दाणा बघितला तर तोही चौकोनी. मग हिशेब केला. दाण्याची कड 0.3 मिलिमीटर धरली आणि शेजारच्या दोन आयनांच्या केंद्रांमधलं अंतर 0.28 नॅनोमीटर, तर एका कडेवर दहा लाखांहून जास्त आयन रांगेत उभे. अख्ख्या दाण्यात एकावर अठरा शून्यं एवढे. “यातली जोडी कुठली शोधायची?” मी विचारलं. तो म्हणाला, “मग ही जोडी न्हाई, जत्रा हाय.” खरसुंडीची जत्रा पाहिलेला मुलगा होता.

आता उलट बाजू सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की बाईंना फळा-खडूच्या पलीकडचं काही नको आहे. पुढच्या वर्षी मी एक दुसरं, फुकट मिळणारं ॲप वापरलं. त्यात उडी मारणारा इलेक्ट्रॉन नव्हता, घंटी नव्हती. नुसती मिठाच्या स्फटिकाची जाळी टेबलावर उभी राहायची. फोन माझा, एकच. पाच-पाच मुलांची टोळी करून मी विचारलं, मधल्या सोडिअमला किती क्लोराइड लागून आहेत? लांबून बघणाऱ्या सगळ्यांनी चार सांगितले. एका मुलीनं फोन हातात घेतला, टेबलाला फेरी मारली, मग खाली बसून फोन तिरका धरला आणि ओरडली, “एक वर बी हाय की! आन् एक खाली!” सहा. मी सांगितलेले सहा आणि तिनं मोजलेले सहा यांत फरक आहे, आणि तो फरक माझ्या फळ्यावर कधीच निर्माण झाला नसता. फळ्याला वर आणि खाली नसतं. म्हणजे असतं, पण फळ्याच्याच पातळीतलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : या तंत्राकडून तिसरी मिती तेवढी घ्या, गोष्ट घेऊ नका. गोष्ट आधी पुस्तकात नीट करा.

गोष्ट म्हणजे काय, तेही सांगते. आम्ही सगळे शिक्षक शिकवतो की सोडिअमला एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला हवासा असतो, दोघांचं जमतं, दोघांचंही अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं. काही जण तर यात हुंड्याचा विनोदही करतात. पोरांच्या लक्षात राहतं, पेपरात मार्क पडतात. पण सोडिअमला इलेक्ट्रॉन मुळीच नकोसा नसतो. तो काढून घ्यायला मोलला (अणूंच्या एका ठरावीक मोठ्या मापाला) 496 किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. क्लोरीन तो घेताना 349 परत देतो. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात 147 चा तोटा. हा व्यवहार निभतो तो पुढे विरुद्ध प्रभार जवळ येतात म्हणून. सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा 780 च्या वर किलोज्यूल बाहेर पडतात. खरी कमाई तिथली आहे. आठवीच्या पोराला हे आकडे शिकवा असं मी म्हणत नाही. पण ज्या स्फटिकानं हा सौदा फायद्यात आणला, तोच आपण गोष्टीतून वगळतो आणि ॲपवाला त्याच वगळलेल्या गोष्टीला घंटी लावतो.

सहसंयुज बंधासाठी मात्र आमच्या गावात चांगली उपमा हाताशी आहे : दोन भावांची सामाईक विहीर. विहीर एकच, पण नोंद दोघांच्याही सातबाऱ्यावर. दोघंही म्हणणार, आमची विहीर आहे, आणि दोघंही खरंच बोलत असतात. हायड्रोजनच्या रेणूत इलेक्ट्रॉनची जोडी अशीच दोघांच्या हिशेबात धरली जाते. पुढे एका भावानं जास्त अश्वशक्तीची मोटर बसवली की पाणी त्याच्या शेताकडे जास्त जातं. वाटणी कागदावर सारखी, प्रत्यक्षात नाही. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं तसंच आहे, जोडी ऑक्सिजनकडे जास्त ओढली जाते. एवढं सांगितलं की ध्रुवीय बंध शब्दाविना कळतो. या उपमेला कॅमेरा लागत नाही.

रेणूचा आकार सांगायलाही दरवेळी फोन हवाच असं नाही. चार फुगे सारखे फुगवून त्यांची तोंडं एकत्र बांधा. ते आपोआप असे पांगतात की मिथेनचे चार हायड्रोजन समोर दिसतात, 109.5 अंशांचा कोन राखून. फुग्यांना कुणी सांगितलेलं नसतं. एकमेकांपासून शक्य तेवढं लांब सरकणं एवढंच ते करतात, आणि इलेक्ट्रॉनच्या जोड्याही तेच करतात. अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमापासून सुरू केलेली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांची सांधणी तर आम्ही बी.एड.ला असताना केली होती. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. त्या काड्यांचा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) हातात धरून हलवला की बोटांना कळतं, हा आकार डगमगत नाही. फोनमधल्या मिथेनला हात लावता येत नाही.

साधन फसवू शकतं, हे रसायनशास्त्राला नवीन नाही. 1865 साली रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके खेळाचे लाकडी चेंडू आणि धातूच्या नळ्या वापरून रेणू उभे करून दाखवले. कार्बन काळा, ऑक्सिजन तांबडा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. आज तुमच्या कुठल्याही ॲपमध्ये दिसतात ते रंग त्या व्याख्यानातून आलेले आहेत. पण हॉफमनचा मिथेन सपाट होता! चारही हायड्रोजन एकाच पातळीत, अधिक चिन्हासारखे. हातात धरता येणारी प्रतिकृती होती तरी आकार कागदावरचाच राहिला होता. पुढे 1874 मध्ये 22 वर्षांच्या व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञानं कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात असं मांडलं, त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेल यांनीही. व्हान्ट हॉफनं पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक चिकटवून नामवंत रसायनशास्त्रज्ञांना पाठवून दिले. कोल्बे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्याची टर उडवली, पशुवैद्यकीय विद्यालयातला माणूस म्हणून हिणवलंही. 1901 मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्याला मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी, पण मिळालं. तिसरी मिती पहिल्यांदा आली ती पुठ्ठ्यातून, ही गोष्ट मला फार आवडते.

मग फोन लागतो कुठे? जिथे पुठ्ठा हात टेकतो तिथे. मिठाची जाळी 27 गोळ्यांची केली तरी पोरांच्या हातात कोसळते, आणि 27 गोळ्यांतही खरं सांगायचं तर फक्त मधल्या एकाचेच सगळे शेजारी पुरे असतात. नववीत कार्बनचा पाठ आहे. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना बांधलेला आणि ग्रॅफाइटमध्ये षटकोनी थर. एका थरातल्या शेजारच्या अणूंमधलं अंतर 142 पिकोमीटर, दोन थरांमधलं 335. पेन्सिल कागदावर का उमटते, हे त्या दोन आकड्यांत आहे, पण आकड्यांनी कुणाला कळलं आहे? थरांच्या फटीत कॅमेरा घालून पाहिलं की कळतं. तिथे हे तंत्र सोन्यासारखं आहे. आयनांचे आकारही तिथेच दाखवता येतील. सोडिअम इलेक्ट्रॉन गमावून आक्रसतो, त्रिज्या 102 पिकोमीटरवर येते. क्लोरीन तो घेऊन फुगतो, 181 वर जातो. मी पाहिलेल्या बहुतेक ॲपमध्ये दोघे सारखेच, कॅरमच्या सोंगट्यांसारखे. आणि अणूंना जोडणारी ती काठी! “बाई, ती दांडी कशाची असती?” हा प्रश्न दरवर्षी येतो. ती दांडी कशाचीच नसते, हे कुठल्या तरी कोपऱ्यात मराठीत लिहायला काय हरकत आहे?

मराठीवरून आठवलं. आमच्या संचातलं ॲप इंग्रजीत ‘कोव्हॅलंट’ म्हणायचं. मराठीचं बटण दाबलं की ‘सहसंयोजक आबंध’ असं हिंदी उमटायचं. पुस्तकात ‘सहसंयुज बंध’. तीन नावं ऐकून एका मुलीनं उत्तरपत्रिकेत बंधाचे तीन प्रकार लिहिले, आणि मला तिचे मार्क कापावे लागले.

आता व्यवहाराचं. आमच्या शाळेच्या दारावर ‘विद्यार्थ्यांनी मोबाइल आणू नये’ अशी पाटी आहे. अक्षर माझंच आहे. ॲपसाठी पालकांकडून दहा फोन मागवले, त्यातल्या तिनांवर ते चाललं. गूगलच्या एआरकोरवर बेतलेली ॲप ठरावीक यादीतल्या फोनांवरच चालतात आणि आमच्या भागातले स्वस्त फोन त्या यादीत बऱ्याचदा नसतात. पुष्कळांत जायरोस्कोपच (फोन कसा वळला ते ओळखणारा भाग) नसतो. जे तीन चालले ते वीस मिनिटांत तापले. घरी अभ्यास म्हणून द्यावं, तर फोन दिवसभर बापाबरोबर रानात आणि संध्याकाळी भावाच्या हातात. मुलीच्या वाट्याला तो येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. खाली बसून सहा मोजणारी ती मुलगी, तिच्या घरी तर स्मार्टफोनच नव्हता.

तिसऱ्या वर्षी संच उघडला तर ॲप सुरूच होईना. परवाना संपला होता, फोन लावला तर तो माणूस दुसऱ्या कंपनीत गेला होता. आमची कार्डं आता प्रयोगशाळेच्या कपाटात परीक्षानळ्यांखाली टेकू म्हणून आहेत. हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. डाक्री या अमेरिकी कंपनीचे मूलद्रव्यांचे लाकडी ठोकळे दहा-बारा वर्षांपूर्वी खूप गाजले होते, दोन ठोकळे भिडवले की संयुग दिसायचं. 2019 मध्ये कंपनी बंद पडली. गूगलनं शाळांसाठी काढलेलं एक्स्पिडिशन्स 2021 च्या जूनमध्ये गुंडाळलं. एवढ्या मोठ्यांची ही तऱ्हा, तर पाठ्यपुस्तकाचा एखादा भाग कुणाच्या परवान्यावर टांगून ठेवू नका. पुस्तक आठ-दहा वर्षं चालतं. ॲपही तेवढं चाललं पाहिजे, म्हणजेच ते राज्याच्या मालकीचं हवं, त्याचा कोड खुला हवा, आणि नेट नसताना चालायला हवं.

आणि कार्डं नकोतच. आठवीच्या मुलाच्या हातात पुस्तक फुकट पडतं, ते एकच साधन आहे जे खरोखर प्रत्येकाकडे पोचतं. पुस्तकातली आकृतीच अशी छापा की तीच खूण म्हणून कॅमेऱ्याला ओळखता येईल. क्यूआर कोड छापायची सवय आपल्याला आहेच, आणि एनसीईआरटीनं ई-पाठशाला एआर काढून छापील पानावर कॅमेरा धरायची वाट दाखवून ठेवली आहे. छापील खूण ओळखायला साधा कॅमेरा पुरतो, भारी फोन लागत नाही. फोन नसलेल्या मुलाला तीच आकृती नीट वाचता आली पाहिजे. म्हणून ती जाळीची असावी, जोडीची नको. सगळ्या पाठाला मिळून अशा चार खुणा पुरे : मिठाची जाळी, पाण्याचा 104.5 अंशात वाकलेला रेणू, त्याच्याशेजारी सरळ रेषेतला कार्बन डायऑक्साइड, आणि फुग्यांनंतर बघायला मिथेन. हिरा आणि ग्रॅफाइट नववीत. दर पानावर काहीतरी उडायलाच हवं असा आग्रह कुणी धरला तर कृपया त्याला चहा पाजून परत पाठवा.

यात एक अडचण तुमच्या हातातली नाही, पण तुमच्या शब्दाला वजन आहे म्हणून सांगते. परीक्षेत आम्ही विचारतो, ‘इलेक्ट्रॉन-ठिपका रचना काढा’. दोन गुण. जोवर तेवढंच विचारलं जाईल तोवर कुठलाही शहाणा शिक्षक टेबलाभोवती मुलांना फिरवण्यात तास घालवणार नाही, मीसुद्धा नाही. ‘मिठाचा खडा फोडल्यावर तुकडे चौकोनीच का होतात?’ असा प्रश्न एकदा येऊ द्या. मग बघा, खडेमीठ आपोआप वर्गात येईल.

प्रशिक्षणही व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यानं होत नाही. आम्हाला ॲप कसं उघडायचं हे शिकवू नका, पोरं ते शिकवतात. ॲप बंद करून काय विचारायचं, याचं प्रशिक्षण द्या.

पुस्तकाचा कच्चा मसुदा झाला की तो छापण्याआधी एखाद्या आडगावच्या वर्गात चालवून बघावा, अशी माझी विनंती आहे. आमच्या वर्गाचं आमंत्रण या पत्रासोबत समजावं. तेरावा पाठ दिवाळीनंतर, बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. एस.टी. सकाळी साडेनऊला गावात पोचते. समितीतल्या कुणीही यावं, मात्र येताना फोन जुना, पडदा तडकलेला, घरात कुणी वापरत नाही असा आणावा. खडेमीठ आमच्याकडे आहे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका